दोन कॉम्प्युटर, एक कान

खिडकीची काच थरथरली की आमच्या कॉलनीत लग्नसराई आली असं समजावं, पंचांग उघडायची गरज पडत नाही. कोपऱ्यावर मंगल कार्यालय आहे. तिथून नवरदेवाचा परण्या, म्हणजे घोडीवरची मिरवणूक, मारुतीच्या दर्शनाला निघाला, की आमच्या मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना कोपर मारायला लागतात. काल संध्याकाळीही तेच. आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं, मी हंडे भरत होते, आणि भरल्या हंड्यात बारीक वर्तुळं उमटली. आवाज नंतर आला. आधी पाण्याला कळलं, मग मला.

एके काळी अशा वेळी मी खिडक्या धाडधाड लावून घ्यायची. डीजेचा मला मनस्वी राग. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, 'शांतता राखा' ही पाटी दिवसभर माझ्या डोक्यावर टांगलेली असते, आणि माझा सख्खा धाकटा भाऊ डीजेवाला. देवालाही चेष्टा सुचते ती अशी. काल मात्र मी हंडा तसाच वाहू दिला आणि खिडकीशी जाऊन ऐकत राहिले. गाणी नाही, दोन गाण्यांमधला सांधा ऐकत होते. एक गाणं ओसरताना दुसरं त्यात हळूच शिरावं, नाचणाऱ्याच्या पायाला पत्ताही लागू नये, अशी ती रीत. वाजवणारा नवखा होता. सांध्यात ठेच लागली आणि नाचणाऱ्यांचे पाय क्षणभर हवेतच राहिले.

"घाई केली त्यानं," मी म्हणाले.

पेपरमधून डोकं वर न काढता आमचे हे म्हणाले, "तू आता सुपाऱ्या घ्यायला लाग लग्नाच्या. आणि नळ बंद कर."

नळ बंद केला. पण मन तोवर त्या वैशाखात जाऊन पोचलं होतं, ज्या वैशाखात आम्हाला सगळ्यांना मिळून एकच गोष्ट वाचवायची होती. बाळूचा डावा कान.

बाळू म्हणजे हा भाऊ. गंगापूरजवळ आमचं गाव. थोडा ऊस, थोडी कपाशी, आणि ट्रॉलीवर बांधलेले काळे उंच बॉक्स, एवढा त्याचा संसार. बायको रेखा धरून. उजवा कान गेलाय हे त्याला कळलं ते एका घोडीमुळं. आमच्याकडे परण्याच्या वाटेवर ज्या घरी नुकतं कुणी गेलेलं असतं, त्या घरापुढं वाजवणं बंद करतात. कुणी कुणाला सांगत नाही. डीजे आपोआप मिटतो, नाचणारे मुकाट होतात, नवरदेव मान खाली घालतो, आणि त्या घराची भिंत संपेपर्यंत ऐकू येतात ते फक्त घोडीचे घुंगरू. तसं एक घर आलं. बाळू ट्रॉलीवरून उतरून घोडीच्या बरोबरीनं चालत होता. घोडी डाव्या हाताला होती तोवर घुंगरू छुमछुम वाजत होते. रस्ता अरुंद झाला म्हणून तो पुढून वळसा घालून पलीकडे गेला, आणि घुंगरू थांबले. त्याला वाटलं, घोडी थांबली.

"आक्का, म्या तिच्या पायाकडं बघितलं," तो मला नंतर सांगत होता. "पाय हालत व्हते. घुंगरू हालत व्हते. आवाज तेवढा नव्हता."

हे सांगताना तो हसत होता. आमच्या घरात वाईट बातमी हसत सांगायची पद्धत आहे. मी हसले नाही.

त्याला शहरात बोलावून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा गेल्यात जमा, डावा शाबूत, पण हेडफोन आजपासून बंद, असं डॉक्टर म्हणाले. कारण हेडफोनचंच होतं सगळं. इकडे बॉक्स वाजत असताना वाजवणाऱ्याला पुढचं गाणं आधी एका कानात ऐकून जुळवून घ्यावं लागतं, आणि बॉक्सच्या वर ते ऐकू यायचं म्हणजे हेडफोन केवढा मोठा करावा लागत असेल, तुम्हीच बघा. बाळूनं वर्षानुवर्षं उजव्या कानाला हेडफोन दाबून लग्नं वाजवली होती. दवाखान्यातून बाहेर पडलो, समोरच्या रसवंतीवर बसलो, आणि त्यानं शांतपणे उसाच्या रसाचा घोट घेतला.

"सोपं हाय की. आता डाव्याला लावतो."

"डाव्याला लावलास तर तंगडं मोडीन."

"सुपाऱ्या घेतल्यात, आक्का. लोकांनी पत्रिकेत नाव छापलंय. पाऊस पडंस्तोवर सुटका नाय."

"ते जुळवायचं काम आधीच, घरी बसून करून ठेवता येत नाही?"

"येतं. लई निवांत बसावं लागतं. मला कुठला टाईम? दिसभर रान, सांच्याला लगीन."

"मला आहे," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग घाबरले. पण रसवंतीच्या चरकाचे घुंगरू खळखळ वाजत होते, बाळू चरकाकडे उजवा कान करून बसला होता, आणि त्याला ते वाजतायत हे ठाऊकच नव्हतं. माघार घ्यायला जागा राहिली नाही.

लागोपाठच्या दोन रविवारी त्यानं माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर डीजेचं सॉफ्टवेअर बसवून मला शिकवलं. मी इतकी वर्षं आवाज ऐकत आले होते, त्या सॉफ्टवेअरमध्ये तो पहिल्यांदा बघितला. गाणं पडद्यावर डोंगररांगेसारखं पसरतं. ढोल असतील तिथं सुळके, गळा एकटा असेल तिथं पठार. त्या रांगेवर खुणा करायच्या. इथून सुरू होऊ दे, इथं संपू दे, याचा वेग एवढा, याचा आवाज त्याच्या बरोबरीचा कर. मग ती गाणी ओळीनं लावायची. हळदीची ओळ वेगळी, परण्याची वेगळी, पाठवणीची तर अगदीच वेगळी. एवढं केलेलं असलं की लग्नात बाळूनं नुसतं बटण दाबायचं. पुढचं गाणं त्याला आधी ऐकायची गरज नाही, ते मी त्याच्या वतीनं ऐकलेलं असायचं.

उन्हाळ्यात कॉलेज दुपारीच सुटायचं. घरी येऊन मी कूलर लावायची, वाळ्याचा ओला वास खोलीभर व्हायचा, पडदे ओढलेले, बाहेर डांबर पातळ होत असायचं, आणि मी आवाज अगदी बारीक करून दुसऱ्यांच्या लग्नांच्या ओळी लावत बसायची. ज्यांना मी कधी पाहणार नव्हते ते लोक माझ्या पडद्यावर नाचत असायचे. या गाण्यावर नवरीच्या मैत्रिणी येतील. इथं वरमाईला ओढतील. इथं जरा दम खायला मंद काहीतरी हवं. झोप आणि जागेपण यांच्या मधे कुठंतरी ते काम चालायचं. ग्रंथालयात पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारताना हाताला आपोआप ठेका यायला लागला, आणि एकदा वाचनकक्षातल्या एका विद्यार्थिनीनं माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं.

प्रश्न होता तो माझ्या कॉम्प्युटरमधलं त्याच्या लॅपटॉपमध्ये कसं पोचवायचं हा. सुरुवातीला सगळी गाणी हार्डडिस्कमध्ये भरून, ती फडक्यात गुंडाळून, पोळ्यांच्या डब्यात ठेवून गंगापूरच्या जीपनं पाठवली. ड्रायव्हरला डबा म्हणजे डबाच वाटला, त्यानं तो जपून पोचवला. पण रोज डबा कोण पाठवणार? मग ठरलं, की गाणी दोन्हीकडे आहेतच. आता दर लग्नाआधी नेटवरून फक्त ओळी आणि खुणा तेवढ्या पाठवायच्या. त्या हलक्या असतात, गावच्या नेटलाही पेलतात. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी जुळले की झालं.

पहिल्यांदा पाठवल्या त्या लासूर स्टेशनच्या लग्नाच्या ओळी. 'पोचल्या' अशी खूण आली आणि मी समाधानानं डाळीला फोडणी घातली. तेवढ्यात बाळूचा फोन.

"आक्का, नावं समदी आलीत. गाणी नाय आली."

"म्हणजे?"

"समदी लाल झालीत. दाबलं की नुसतं लाल व्हतंय. नवरदेव घोडीवर बसलाय, आक्का."

मागून लोकांचा गलका ऐकू येत होता. तेव्हा मला ही गोष्ट समजली, की ओळीत गाणं नसतंच. ओळीत फक्त गाण्याचं नाव आणि ते कुठं ठेवलंय तो पत्ता असतो. माझ्या ओळी त्याच्या लॅपटॉपमध्ये जाऊन एकेका गाण्याला माझ्या नावानं हाका मारत होत्या आणि तिथं त्या नावाचं कुणी राहत नव्हतं. कारण आमच्या बाळोबांनी हार्डडिस्क पोचल्यापासून बसून सगळ्या गाण्यांची नावं बदलली होती. मी ग्रंथालयाच्या शिस्तीनं गायक, मग गाण्याचे शब्द, मग वेग, अशी नावं दिली होती. भर मांडवात त्यातलं त्याला काही सापडेना, म्हणून त्यानं आपली दिली.

काही मिनिटांनी त्याच्याबरोबर लग्नाला गेलेल्या रेखाचा फोन आला. हेडफोन तिनं घरी ज्वारीच्या कोठीत लपवून ठेवला होता, तिच्या परीनं तिनं चोख बंदोबस्त केला होता. पण बाळूनं मांडवातल्या कुणाकडून तरी मागून घेतला.

"वन्सं, डाव्याला लावलाय त्यांनी. मी वढाया गेले तर माझ्यावरच खेकसले. काय करू?"

नवरदेव घोडीवर, लोक उन्हात, आणि पत्रिकेवर त्याचं नाव. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. ते लग्न संपेपर्यंत मी काहीही केलं नाही, आणि दुसरं काही करताही आलं नसतं. दिवेलागणीला त्यानंच फोन केला. डाव्या कानात शिट्टी वाजतेय म्हणाला, कुकर दूर कुठंतरी लागल्यासारखी, पण थांबतच नाही. मी एवढं भ्यायले होते की रागवायचंही विसरले.

सकाळी ग्रंथालय उघडत होते तेव्हा फोन वाजला.

"आक्का, चुलीवर चहा उतू गेला. मला ऐकू आला."

मी कुलूप हातात धरून पायरीवर बसले आणि रडले. चहा उतू गेल्याचा एवढा आनंद जगात कुणाला झाला नसेल.

त्या संध्याकाळी मी त्याला म्हणाले, तुझी नावं वाच एकेक. भांडायच्या तयारीनंच बसले होते. माझी पद्धत बरोबर होती, आजही आहे. तो वाचायला लागला. 'घोडी बुजली ते.' 'मामा नाचले ते.' 'लाईट गेली ते.' 'सिल्लोडच्या पाव्हण्याचं.' 'वरमाय हसली ते.' 'दोन सवतींनी फुगडी घातली ते.' मी मधेच थांबवून विचारलं, हे काय रे? मग त्यानं ती फुगडी सांगितली. एका लग्नात नवरीच्या दोन आया, वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोललेल्या, या गाण्याला कशा उठल्या आणि मांडवातली बायकामंडळी कशी बाजूला झाली. मग वरमाईचं सांगितलं. मग मामांचं. बाहेर अंधारून आलं आणि आमची यादी अर्धीही झाली नव्हती.

एकाच घरात वाढलेली आम्ही दोघं. मी शिकायला शहरात आले आणि इथलीच झाले. दिवाळीला, राखीला भेटायचं, "बरं हाय ना?" "बरं हाय," एवढं बोलायचं. हा माणूस बॉक्सच्या मागं उभा राहून काय करतो, असं मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, आवाज करतो. तो बघत असायचा. कोण कुठल्या गाण्याला उठलं, कोण शेवटपर्यंत बसूनच राहिलं, सगळं त्याच्यापाशी होतं. गाणी त्याला गायकांवरून आठवतच नव्हती, माणसांवरून आठवायची. मी माझी बरोबर पद्धत बाजूला ठेवली आणि माझ्या कॉम्प्युटरमधल्या सगळ्या गाण्यांना त्याची नावं दिली. पुढं पाठवलेली एकही ओळ लाल झाली नाही.

त्यानंतरच्या, लग्न नसलेल्या संध्याकाळी मला एकमेकींत मिसळून आठवतात. ऊन उतरायचं, कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर गोड वास यायचा, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पाणी शिंपायचं. तिकडं बाळू लॅपटॉप घेऊन गोठ्याच्या पत्र्यावर चढायचा, कारण रेंज तिथंच होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसं चक्र फिरायचं. ते फिरत असेपर्यंत फोन चालू.

"गेलं का?"

"जातंय. आलं का?"

"येतंय. दम धर."

असं कितीतरी वेळ. फोन त्यानं डाव्या कानाला धरलेला असायचा, म्हणून मी आवाज लहान ठेवायला शिकले. आयुष्यभर मी त्याच्याशी ओरडूनच बोलले होते. मग एक दिवस सहज विचारलं, काय काय ऐकू येतंय तुला आत्ता? त्यानं फोन कानापासून जरा दूर धरला. मग म्हणाला, "टिटवी. मोटार. उसात पाणी सोडलंय ते. रेखा भांडी आपटतीय."

"रेखा ऐकू येते म्हणजे कान उत्तम आहे."

"तिला काय, उजव्यानं बी ऐकतो मी."

मग दर वेळी विचारायला लागले. चक्र फिरायचं आणि तो पत्र्यावर बसून एकेक आवाज मला सांगायचा. होला घुमतोय. लांबची एसटी. वासरू. देवळातली आरती. मी डोळे मिटून घ्यायची. माझ्या खोलीत कूलरची घरघर असायची, पण मला ती ऐकू यायची नाही, मी तिकडं असायची. कधी टिटवीचं नाव आलं नाही तर मी आणखी थोडी वाट बघायची. मग विचारायचं धाडस करायची, तर म्हणायचा, "आज बोललीच नाय ती. मी काय करू?"

एक लबाडीही मी केली. बॉक्सचा आवाज कानाला बरा नव्हताच. म्हणून दर खेपेला ओळी पाठवताना सगळ्या गाण्यांचा आवाज मी जरासा, अगदी जरासा उतरवायची. एकदम नाही, ऊन उतरावं तसा. बाळूनं एकदा शंका काढली, "आक्का, बॉक्स आळसावलेत का?" मी म्हणाले, उन्हानं होतं तसं. पुढं हंगाम संपत आला तेव्हा तोच सांगत होता, एका लग्नात एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम ट्रॉलीजवळ आले आणि म्हणाले, औंदा तुमच्या डीजेत माणसाला माणूस बोलता येतंय बघा. आणि वर, "मला म्हाईत हाय, उन्हानं काय व्हतं ते," म्हणाला. चक्र फिरत राहिलं.

बॉक्स पुढं काय झाले म्हणून लोक विचारतात. आहेत अजून, निम्मे आहेत. बाळू आता हळदीच्या कार्यक्रमांना जातो, जवळपासच्या. ओळी मीच लावते. पण काच थरथरली की मला लग्न आठवत नाही. मृग लागता लागता मी त्याला कान तपासायला पुन्हा शहरात आणलं, ती सकाळ आठवते.

तपासणीची खोली म्हणजे काचेचं दार असलेलं कपाट जणू. आत आवाज जात नाही, आतला बाहेर येत नाही. बाळूला आत बसवलं आणि एवढा सगळा उन्हाळा आम्ही ज्याच्यापासून त्याला लांब ठेवलं, तो हेडफोन त्याच्या दोन्ही कानांवर चढवला. बाहेर मशीनपाशी एक तरुण मुलगी होती, तिनं मला शेजारी बसू दिलं. ती आवाज सोडायची, मशीनवर छोटा दिवा लागायचा. आवाज ऐकू आला की बाळूनं बोट वर करायचं. आधी डावा कान.

दिवा लागला. बोट वर. दिवा. बोट. आवाज बारीक करत नेला, तरी दिवा, बोट, दिवा, बोट. मी सुटले असं वाटलं. तेवढ्यात त्या मुलीच्या कपाळाला आठी पडली. मीही बघितलं. बोट दिव्याच्या किंचित आधी वर जात होतं. ती सारख्या अंतरानं आवाज सोडत होती, आणि जन्मभर ठोके मोजलेला माझा भाऊ ते अंतर पकडून बसला होता. तिनं मुद्दाम हात काढून घेतला. मशीन गप्प. दिवा बंद. आणि आत बाळूचं बोट वेळेवर, अगदी ठोक्यावर, वर गेलं.

सवयीनं केलं असेल की भीतीनं, मला कळेना. म्हणजे आत्तापर्यंतचं काहीच खरं नव्हतं का? पत्र्यावरची टिटवी, मोटार, वासरू, तेही अंदाजानं सांगत होता का मला?

ती मुलगी माईकमध्ये वाकली. "भैया, गिन के उंगली नक्को उठाओ. सुनाई दिया तोच उठाओ."

आत बाळूनं मान खाली घातली. चोरी पकडलेल्या पोरासारखा त्यानं हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले.

आता तिनं आवाज कसेही सोडायला सुरुवात केली. एक सोडला आणि बराच वेळ काही नाही. मग लागोपाठ दोन. मग पुन्हा नुसती वाट. त्याला कसलाही ठेका नव्हता, कुणालाच तो पकडता आला नसता. मी काचेच्या अलीकडे श्वास रोखून बसले होते, जसा काही माझा श्वास त्याला आत ऐकू जाणार होता.

दिवा लागला. बोट वर गेलं.

बराच वेळ दिवा लागला नाही. बोट हललं नाही.

मग एकदम दोनदा लागला. बोट दोनदा वर गेलं.

तिनं आवाज आणखी उतरवला, पुन्हा उतरवला, आणि एका ठिकाणी ती स्वतःच मान पुढं करून काचेतून बघायला लागली. दिवा लागला.

बाळूनं डोळे मिटलेलेच ठेवून बोट वर केलं.